किल्लीच्या आधी अटक

आमच्या घरमालकांनी मला खोलीची किल्ली देण्याआधी अटक केली.

मी तेव्हा सांगलीहून नवीनच आले होते. हिंजवडीत नोकरी लागली होती आणि कंपनीची बस औंधला थांबायची, म्हणून औंध रोडच्या आसपास जागा शोधत होते. पुण्यात एकट्या मुलीने जागा बघायची म्हणजे आधी आडनाव, मग मांसाहार, मग रात्री परतायची वेळ, अशी उलटतपासणी ठरलेली. या गृहस्थांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "गाडी चालवता?"

"स्कूटी आहे."

"लायसन्स?"

"आहे."

"मग चला फाटकापाशी."

मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. ते आत गेले आणि रणरणत्या उन्हात खाकी रेनकोट घालून बाहेर आले. हातात एक बॅटरी होती आणि तिला सुतळीने शहाळ्याची नळी बांधली होती. हात आडवा धरून म्हणाले, "थांबा. गाडी बाजूला घ्या." गाडी नव्हतीच, तरी मी बाजूला झाले. "फुंका," ते म्हणाले. मी फुंकलं. "चला, तुम्हाला अटक करतोय." मी हसत त्यांच्यामागून दोन पावलं गेले.

ते थांबले. "नापास. नळी नवी आहे का, विचारलंत? सकाळपासून तिघांनी फुंकलीय ती. माझं नाव विचारलंत? कोटावर नावाची पट्टी नाही, दिसत नाही? यंत्रावर आकडा किती आला, बघितलात? अटक कशासाठी, विचारलंत? आणि घरी कुणाला कळवणार, ते?"

"अहो, पण मी पीतच नाही."

"हा बचाव नाही. ही माहिती आहे."

तिसऱ्या खेपेला मी पास झाले तेव्हा किल्ली मिळाली. तोवर व्हरांड्यातून काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नींचा, आवाज आला, "अहो, पोरीला पाणी तरी द्या. आरोपीला पाणी द्यायचं कलम नाही का तुमच्याकडे?"

ते निवृत्त सरकारी वकील होते. खालच्या कोर्टात उभं आयुष्य काढलेलं. घराचं नाव 'सम्यक'. वर आम्ही मुली, मागच्या अंगणातल्या खोल्यांत मुलं, सगळी हिंजवडीला जाणारी. उंची बेताची, पांढरा फुल शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. लहान मुलालासुद्धा 'अहो' म्हणायचे. आमच्या गल्लीतला पाच वर्षांचा एक पोरगा त्यांच्या फाटकावर चढायचा, त्यालाही, "आपण खाली उतरता का?" एखाद्या शिक्षेपेक्षा तो पोरगा या 'आपण'ला जास्त घाबरायचा.

फाटकावरची ती तालीम एकदाच होऊन संपत नसे. महिन्यातला एखादा रविवार उजाडायचा आणि दात घासता घासता खालून हाक यायची, "थांबा, गाडी बाजूला घ्या!" कधी रेनकोट घालून यायचे, कधी मुद्दाम न घालता. गणवेश नसलेल्याच्या सांगण्यावरून जो फुंकेल, तो नापास. गणवेश असताना फुंकायला नकार देणाराही नापास. "नाही म्हणायचा हक्क तुम्हाला नाही. नाही म्हणालात, तर तो नकारच तुमच्याविरुद्ध कोर्टात उभा राहील. भांडायचं नाही, पळायचं नाही, ओळख सांगायची नाही. लायसन्स घेतलं तर पावती मागायची." आम्हा मुलींना वेगळा धडा असायचा. सूर्य मावळल्यावर बाईला सहसा अटक करता येत नाही, करायचीच तर महिला अधिकारी हवी आणि न्यायाधीशांची परवानगी हवी. हे कायद्यात तेव्हा नुकतंच आलं होतं आणि ते त्यांना स्वतःच्या घरी पाहुणा आल्यासारखं वाटत होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणून शेवटी सांगायचे ते दोन तासांचं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे. नाही झाली, तर सोडून द्यावं लागतं. हे सांगताना ते बोट वर करायचे आणि आमच्यातल्या प्रत्येकाकडे आळीपाळीने बघायचे. आम्हाला वाटायचं, हा आमच्या सुटकेचा मंत्र आहे. काय सांगू, दोन वर्षं तसंच वाटत होतं.

त्यांची आणखी एक सवय म्हणजे खुर्ची. कुठल्याही कचेरीत गेले, बँकेत, महापालिकेत, वीज मंडळात, की कुणी बसा म्हणायची वाट न बघता खुर्ची ओढून बसायचे आणि मगच तोंड उघडायचे. मी एकदा त्यांना टेलिफोनच्या ऑफिसात घेऊन गेले होते. तिथे खुर्ची नव्हती, तर शेजारच्या खोलीतली आवाज करत ओढून आणली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, दोन मिनिटांचं तर काम होतं." ते म्हणाले, "हक्क उभं राहून मागायचा नसतो. उभं राहून मागितला की देणाऱ्याला ती भीक वाटते."

हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, मूर्तीखाली राज्यघटनेची प्रत आणि तिच्या बाजूला एक जुनी लाकडी खुर्ची. तिची गोष्ट काकूंनी सांगितली. यांचे वडील खडकीच्या कारखान्यात कामगार. एकदा चोरीच्या संशयावरून त्यांना चौकीत नेलं आणि दिवसभर भिंतीशी उभं ठेवलं. चोर दुसराच निघाला, संध्याकाळी 'जा' म्हणाले. का आणलं, कुणी सांगितलं नाही. पुढे छपन्न साली ते नागपूरला जाऊन धम्म घेऊन आले आणि आल्यावर त्यांनी घरात पहिली वस्तू आणली ती ही खुर्ची. घरात भांडी धड नव्हती, पण खुर्ची आली. घरमालक स्वतः तिच्यावर कधी बसत नसत. आम्ही सॉफ्टवेअरवाले गेलो की दिवाणावर बसायचं. त्या खुर्चीवर बसायचा गॅसचा सिलिंडर आणणारा, पोस्टमन, कामाला येणाऱ्या मावशी. ज्यांना इतर घरांत दारातूनच परत पाठवतात, ते.

आता दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचं यांना एवढं का लागून राहिलं होतं, ते सांगते. एका दुपारी मी तापाने घरी होते. ते पेज घेऊन वर आले आणि कशावरून तरी बोलायला लागले. "मी सरकारतर्फे उभा राहायचो आणि हरायचो," ते म्हणाले. "का हरायचो? आरोपी प्यायलेला असायचा, सगळ्यांना माहीत असायचं. पण तपासणी वेळेत नाही, बाटलीला सील नाही, सही नाही, कारण सांगितलेलं नाही. पोलिसांना वाटायचं, प्यायलेल्या माणसाला कसले हक्क! आणि तेवढ्यावरच तो सुटायचा."  एका खटल्यात ट्रकवाला सुटला, तेव्हा मेलेल्या माणसाची बायको कोर्टाच्या जिन्यात त्यांच्यासमोर उभी राहिली होती. तिने शिवीगाळ केली नाही, रडलीही नाही. एवढंच विचारलं, "साहेब, मग माझा माणूस कुणी मारला?"

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काही नाही. जिना उतरलो."

पेजेचं भांडं घेऊन ते गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची दया आली, आणि आपल्याला त्यांची दया यावी हे आवडलंही नाही.

मागच्या खोलीत निखिल राहायचा. बार्शीचा, वडील शाळामास्तर, चार बहिणींवरचा एकुलता एक. हुशार, हसरा, आणि तालमीत सगळ्यांच्या पुढे. घरमालक रेनकोट चढवून आले की हा सरळ त्यांनाच विचारायचा, "साहेब, आपलं ओळखपत्र?" घरमालक खूश व्हायचे. संध्याकाळी दोघं बुद्धिबळ खेळायचे. काकू त्याला मटणाचा डबा द्यायच्या. मूल नव्हतं त्यांना, आणि ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. निखिलला कंपनी अमेरिकेला पाठवणार होती. व्हिसाची मुलाखत तोंडावर आली होती. ऑनसाइट हा शब्द तेव्हा आमच्याकडे मुलगा झाल्याच्या बातमीसारखा उच्चारला जायचा. बार्शीला वडिलांनी शाळेत पेढेही वाटून टाकले होते.

त्या रविवारी दुपारी मी केस धुऊन गच्चीत बसले होते. मोबाइल वाजला. निखिल. आवाज एकदम खाली होता. "काकांना घेऊन चौकीत ये. आत्ता. बाकी काही विचारू नको."

टीमचं जेवण होतं मुळशीकडे. परतताना बाणेरच्या अलीकडे याच्या गाडीने एका दूधवाल्याला उडवलं होतं. दूधवाला त्याच्या एम-ऐंशी मोपेडवर, दोन्ही बाजूंना कॅन. पाय मोडला होता, दवाखान्यात नेला होता. रस्त्यावर दूधच दूध झालं होतं म्हणे.

मी घरमालकांना स्कूटीवर मागे बसवून नेलं.  वाटेत सिग्नलला ते एवढंच म्हणाले, "हेल्मेटचा पट्टा लावा."

चौकीत फौजदार टेबलामागे बसला होता. समोर चहाचे कप. बाजूच्या खुर्चीवर कंपनीचा कुणी मॅनेजर, चांगला हसतखेळत बोलत होता. निखिल कोपऱ्यातल्या बाकावर. त्याच्याजवळ जाताच वास आला. दाराशी पदर डोक्यावर घेतलेली एक बाई उभी होती. हातात दुधाच्या कॅनचं झाकण. फक्त झाकण. ती दूधवाल्याची बायको, हे मला नंतर कळलं.

निखिलने घरमालकांचा हात धरला आणि हळूच म्हणाला, "काका, अटक करून सव्वा तास झालाय. तपासणीला नेत नाहीयेत. मॅनेजरसाहेबांचं फौजदाराशी बोलणं झालंय, ते नेणारच नाहीत. फक्त पाऊण तास बसा इथे. मग तुम्ही म्हणा, दोन तास झाले, सोडा. तुमच्यासमोर त्यांना काही करता येणार नाही. तुम्हीच शिकवलंत ना."

घरमालक त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "प्यायलायस?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'तू' ऐकला तो हा एकदा.

"काका, व्हिसा आहे हो बुधवारी."

"प्यायलायस का?"

"थोडी."

ते वळले. सवयीप्रमाणे भिंतीकडची खुर्ची आवाज करत ओढली, टेबलासमोर आणली, आणि बसणार तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. ते थांबले. खुर्ची उचलून दारापाशी नेली आणि त्या बाईला म्हणाले, "बसा."

"नको साहेब, मी हाय हितं बरी."

"आपण बसा."

ती अंग चोरून, खुर्चीच्या टोकावर बसली. दुसरी खुर्ची नव्हती. घरमालक टेबलासमोर जाऊन उभे राहिले, आणि मी त्यांना उभ्याने हक्क मागताना बघितलं ते तेव्हाच.

"साहेब, हा मुलगा माझा भाडेकरू. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला आपण अटक केलीय. वैद्यकीय तपासणी हा त्याचा हक्क आहे, आणि तो दोन तासांच्या आतला आहे. आपण तो त्याला देत नाही आहात."

फौजदार हसला. "वकीलसाहेब, पोरगा तुमचा. तुम्हालाच नको असेल ना तपासणी? बसू की निवांत. चहा घ्या."

"मी कचेरीत चहा घेत नाही. नेणार नसाल, तर का नेत नाही, ते लिहून द्या. सही-शिक्क्यासह. मी थांबतो."

मॅनेजर उठला. "अंकल, यू आर नॉट अंडरस्टँडिंग. मुलाचं करिअर आहे."

घरमालकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते लिहून मिळायची वाट बघत उभे होते. फौजदाराचं हसू हळूहळू उतरलं. कागदावर काय लिहिणार? त्याने चहाचा कप बाजूला सारला आणि हवालदाराला हाक मारली, "जीप काढा."

निखिलचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यावर. स्वतःच्या घरचं कुलूप आतून लागलेलं बघावं तसा चेहरा होता.

जीपमध्ये घरमालक त्याच्या शेजारी बसले. मी स्कूटीवरून मागे. सरकारी दवाखान्यात त्यांनी एकेक गोष्ट करून घेतली. सुई नवी, पाकीट निखिलसमोर फोडलेलं. बाटलीवर सील, सीलवर सही. अटकेचं कारण त्याला वाचून दाखवा, म्हणाले. बार्शीला वडिलांना फोन लावून दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले, म्हणजे मुलाला बोलता यावं. परत चौकीत आल्यावर जामिनाचे कागद मागितले आणि जामीन स्वतः राहिले. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की परतीच्या वाटेवर मी स्कूटी मुद्दाम खड्ड्यांतून नेली. म्हातारा मागे गच्च धरून बसला होता.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. व्हिसा गेला. खटला चालला, निखिलच्या वकिलाने कागद उलटसुलट करून बघितले, पण बोट ठेवायला जागा सापडेना, कारण त्याचा एकही हक्क हुकलेला नव्हता. शिक्षा झाली. कंपनीने आधीच काढून टाकलं होतं. खोली रिकामी करायला तो आला तेव्हा घरमालक अंगणात पट मांडून बसले होते. तो त्यांच्या बाजूने सामान घेऊन गेला, फाटक लावलं, वळून बघितलं नाही. बार्शीहून वडिलांचा एक फोन आला होता. काकूंनी घेतला. काय बोलले ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, पण त्यानंतर बरेच दिवस त्यांनी मटण केलं नाही.

भाडेकरूंनी धसका घेतला. घरमालकच भाडेकरूला आत घालतो म्हटल्यावर कोण राहील? एकेक करून सगळे गेले. मी का राहिले, याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. राग होता, तरी राहिले. सकाळचं दूध घालायला आता एक लंगडणारा माणूस यायचा, आणि जाताना त्या लाकडी खुर्चीवर दोन मिनिटं टेकायचा. घरमालक त्याच्याशी हवापाण्याचं बोलायचे. फाटकावरची तालीम मात्र त्यांनी कधी थांबवली नाही. समोर मी एकटीच असायची. रेनकोट घातलेले ते आणि मी, आणि अंगणात कुणी नाही. "आपण चुकलो असं वाटतं का हो तुम्हाला?" असं मी एकदा विचारलंच. त्यांनी नळी बदलली. म्हणाले, "फुंका."

चौकीतून परत आलो त्या रविवारी रात्री ते भात न खाता उठले होते, हे मला काकूंनी फार पुढे सांगितलं.

ते गेले तेव्हा माझं लग्न होऊन मी वाकडला राहायला गेले होते. काकूंना भेटायला गेले तर हॉलमध्ये माणसं दिवाणावर दाटीने बसलेली. लाकडी खुर्ची मूर्तीशेजारी रिकामीच. थोड्या वेळाने दारात एक माणूस आला, कानांजवळ केस पांढरे झालेला. निखिल. आता बार्शीलाच असतो, कॉम्प्युटरचे क्लास घेतो. काकूंनी त्याला बघितलं, उठल्या, त्याच्या गालावर हात फिरवला आणि रडल्या. नवऱ्यासाठी त्यांना रडताना मी बघितलं नव्हतं, ते तेव्हा बघितलं.

बसायला जागा नव्हती म्हणून तो माझ्याजवळ भिंतीशी उभा राहिला.  मग खालच्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी जीपमध्ये त्यांनी माझा हात धरला होता. दवाखान्यापर्यंत.  मी दात-ओठ खात होतो, पण हात काही मी सोडवून घेतला नाही."

 

तेवढ्यात फाटक वाजलं. दूधवाला. पाय ओढत पायऱ्या चढला, आत गर्दी बघून दारातच थांबला, टोपी हातात घेतली. निखिलने त्याला ओळखलं. कोर्टात तारखांना दोघं एकाच बाकावर बसलेले. 

निखिल भिंतीपासून निघाला. मूर्तीशेजारची खुर्ची त्याने धरली आणि फरशीवर आवाज करत दारापर्यंत ओढत नेली.

"बसा," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या की, तुमी बसा."

"नाही. आपण बसा."

दूधवाला बसला. निखिल त्याच्या शेजारी उभा राहिला, आणि काकू आत चहा टाकायला गेल्या.